सांगलीत फॅमिली घेऊन राहायला कुठला भाग बरा? विश्रामबाग, गावभाग की मिरज?

वाकडहून_सांगली
नमस्कार मंडळी. आम्ही सध्या पुण्यात वाकडला राहतो, मिस्टरांना कुपवाड एमआयडीसीत नोकरी मिळालीय आणि शाळा सुरू व्हायच्या आत शिफ्ट व्हायचं चाललंय. घरात मुलगी यंदा पहिलीत जाणार, धाकटा दीड वर्षाचा, आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात त्यामुळे तळमजला किंवा लिफ्ट पाहिजेच. माझं काम घरून असतं, म्हणजे लाईट आणि नेट धड पाहिजे. सांगलीत आमचं कोणीच नाही, मी लातूरची आणि हे नगरचे. (मिरज हे नाव मला 2016 ला आमच्याकडे पाण्याची रेल्वे आली तेव्हापासून पाठ, बाकी शून्य माहिती.)

एजंट विश्रामबाग सोडून दुसरं नावच घेत नाही. यांच्या नव्या ऑफिसातले एक जण म्हणतात गावभागात राहा, सगळं चालत अंतरावर. दुसरे म्हणतात मिरज बघा, भाडं कमी. आणि सासूबाईंनी 2019 च्या पुराचे व्हिडिओ बघितलेत तेव्हापासून सांगली म्हटलं की पहिला प्रश्न तोच. भाड्याचं बजेट 12 ते 15 हजार, 2 बीएचके. वर्षभर राहून आवडलं तर घर घ्यायचा विचार आहे. शाळा जवळ पाहिजे, पोरगी तासभर व्हॅनमध्ये बसलेली मला चालणार नाही, आणि संध्याकाळी पोरांना खेळायला मोकळी जागा पाहिजे. बाकी मॉल वगैरे नसलं तरी चालतंय.

कृष्णाकाठचा
ताई, सासूबाई बरोबर प्रश्न विचारालेत, तिथनंच सुरुवात करा. सांगलीत घर बघताना बाकी सगळं नंतर, आधी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या फुटांचा हिशोब समजून घ्यायचा. पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा पातळी, 45 ला धोका पातळी. 2019 च्या ऑगस्टात ते 57 च्या वर गेलतं, 2021 ला पण 50 च्या बरंच वर. पावसाळ्यात इथली माणसं क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं "किती फूट झालं" विचारतात, आणि प्रत्येकाला आपल्या गल्लीचा आकडा पाठ असतो की एवढ्या फुटाला आपल्या दारात. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड हे सगळ्यात आधी, तिथं धोका पातळीची वाट बघायला लागत नाही. ही नावं जाहिरातीत दिसली तर भाडं कितीबी कमी असू दे, पुढं सरका. मोठ्या पुरात मग मारुती चौक, टिळक चौक, हरभट रोड, स्टँडचा भाग.

आणि एक, नदीपासून लांब आहे म्हणून निवांत राहू नका. पाणी नुसतं घाटावरनं येत नाही, नाल्यातनं उलटं मागं सरकत येतं, शेरीनाला आणि बाकीचे ओढे. त्यामुळं नदी दिसत नसलेल्या गल्लीत आधी पाणी आणि नदीजवळची उंचावरची गल्ली कोरडी असं होतं. एजंटला विचारू नका, तो "इथं काय येत नाय ओ मॅडम" एवढंच म्हणणार. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, "2019 ला कुठवर आलतं?" तो हातानं भिंतीवर दाखवतो. एकाला नको, दोघातिघांना विचारा.

महापालिकेकडं पूररेषेचे नकाशे असतात, निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतनं एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे 100 वर्षांतनं एकदा. आता 2005, 2019, 2021 असे तीन मोठे बघितल्यावर त्या "वर्षांतनं एकदा" वर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा, पण घर विकत घेताना नकाशा बघाच.

स्टेशनरोड
विश्रामबाग. बाकी काय विचार करू नका. उंचावर आहे, 2019 ला अर्धी सांगली इकडंच पाव्हण्यांकडं आलती.

आज्जीची_पोतडी
मी जरा उलटं बोलणार आहे, रागावू नका. आम्ही गावभागात तीन पिढ्या राहतोय. गावभाग म्हटलं की लोकांना नुसता पूर आठवतो, पण वर्षाचे बाकीचे महिने कुणी मोजत नाही. इथं सिटी हायस्कूल, पटवर्धन हायस्कूल चालत, गणपती मंदिर चालत, भाजी, दवाखाना, शिंपी, गिरणी सगळं पायाखाली. माझा नातू एकटा शाळेत जातो आणि येताना चार दुकानदार त्याला विचारतात की दप्तर का उघडं ठेवलंय. तुझ्या सासूबाईंना दुपारी ओट्यावर बसून बोलायला माणूस मिळेल, नव्या कॉलनीत फ्लॅटचं दार लावलं की संपलं, टीव्ही आणि त्या.

पुराचं म्हणशील तर इथं पाणी फुटाफुटानं चढतं, एका रात्रीत डोक्यावर येत नाही. कोयनेतून किती सोडलं, नदीवर वर काय चाललंय हे सगळ्यांच्या मोबाईलवर असतं. आम्ही गहू-तांदूळ, कागदपत्रं, मिक्सर माळ्यावर चढवतो आणि मुलीकडं जातो. त्रास होतो, चिखल काढायला कंबर मोडते, खोटं कशाला बोलू. पण म्हणून कुणी गावभाग सोडून पळालंय असं झालं नाही.

मात्र बाळा, तुला तळमजला पाहिजे ना? मग गावभाग नको. इथं राहायचं तर पहिल्या मजल्यावर, आणि जुन्या घरांचे जिने तर असे उभे की गुडघेदुखी नसलेल्यालाही घाम फुटतो. लिफ्टच्या नव्या इमारती आहेत पण थोड्या, आणि पार्किंग बोंबला. गाडी असली तर रोज संध्याकाळी भांडण.

कृष्णाकाठचा
आज्जी, सगळं मान्य, पण दीड वर्षाचं लेकरू आणि गुडघेदुखीच्या बाई घेऊन बोटीत बसायची वेळ आली तर? तुमच्याकडं जायला मुलीचं घर तरी आहे, यांचं इथं कोणीच नाही. गावभाग ज्यांचे पाव्हणे उंचावर राहतात त्यांच्यासाठी.

आज्जीची_पोतडी
हे मात्र बरोबर बोललास.

तंतुवाद्य
मिरजकर बोलतोय. सांगलीकर मिरजेचं नाव दुसऱ्यानं काढल्याशिवाय काढत नाहीत, म्हणून मीच काढतो. दहा किलोमीटरचं अंतर आणि महापालिका एकच, सांगली मिरज कुपवाड, तरी बोलताना मिरज म्हणजे परदेश.

मिरजेचं बलस्थान दोन. एक दवाखाने. सरकारी मेडिकल कॉलेज, शिवाय हाडाचे, लहान पोरांचे, डोळ्याचे डॉक्टर एवढे की कर्नाटकातनं लोक येतात. घरात म्हातारं माणूस आणि बारकं पोर असलं की ह्याची किंमत रात्री दोन वाजता कळते. दुसरं रेल्वे जंक्शन, पुण्याला, कोल्हापूरला, बेळगावला, पंढरपूरकडं, कुठंबी जावा. तुम्हाला नगर-लातूर दोन्हीकडं जायचंय म्हणजे स्टेशन जवळ असलेलं बरंच.

वाईट पण सांगतो. जुन्या मिरजेत, म्हणजे किल्ला, मार्केट, दर्ग्याच्या आसपास, रस्ते अरुंद आणि गर्दी फार, लहान पोर घेऊन नव्यानं येणाऱ्यानं तिथं भाड्यानं राहू नये असं माझं मत. नदीकडच्या कृष्णाघाट भागाला पुराचा तोच हिशोब. सांगली-मिरज रोडच्या कडंनं, वॉन्लेसवाडीच्या आसपास बघा, तिथनं मिरजेचे दवाखाने पण जवळ आणि विश्रामबाग पण. कुपवाड एमआयडीसी पण लांब नाही.

वाकडहून_सांगली
सगळ्यांचे खूप आभार, आज्जी तुमचा रिप्लाय सासूबाईंना वाचून दाखवला, त्या म्हणाल्या ह्या बाईंना भेटायचंय.

काल एजंटनं दोन फ्लॅट पाठवले. एक विश्रामबागला नेमिनाथनगरजवळ, दुसरा मजला, लिफ्ट आहे, 14 हजार. दुसरा शामरावनगरच्या बाजूला, तळमजला, मोठं अंगण, नऊ हजार, फोटोत तर फार छान दिसतंय, पोरांसाठी अंगण बघून मी विरघळले. पाच हजाराचा फरक महिन्याला म्हणजे बराच होतो. ह्या दुसऱ्याबद्दल कोणाला माहितीय का? आणि घरमालक म्हणतो पुढे आवडलं तर विकत पण देईन, गुंठेवारीतलं आहे. गुंठेवारी म्हणजे नक्की काय?

प्लॉटवाला_नाही
फोटो उन्हाळ्यातला असणार. शामरावनगरची जमीन काळी आणि भाग सखल, पाऊस पडला की पाणी निचरायला जागा नाही, नदीला पूर आला नाही तरी अंगणात आणि रस्त्यावर पाणी साठतं. काही गल्ल्या सुधारल्यात, काहींत अजून पावसाळ्यात गाडी रुतती. तळमजल्याचं अंगण म्हणजे जून ते सप्टेंबर डासांची शाळा. ज्याला तिथं स्वतःचं घर बांधायचंय आणि भराव टाकून जोतं वर घ्यायची ताकद आहे तो राहील, भाड्यानं येणाऱ्यानं कशाला अंगावर घ्यायचं. पाच हजार वाचतील ते डॉक्टरकडं आणि पोरीच्या रिक्षात जातील. नऊ हजार आहे ते उगाच नाही.

गुंठेवारीचं सांगतो, हे नीट वाचा कारण सांगलीत अर्ध्या व्यवहारात हा शब्द येतो. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकले, ना एनए (बिगरशेती परवाना) ना मंजूर लेआउट, लोकांनी पै पै जमवून घेतले आणि घरं बांधली. अशा वसाहती इथं भरपूर. मग 2001 ला गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा आला, पैसे भरून प्लॉट नियमित करून घ्यायची सोय झाली, आणि 2021 ला दुरुस्ती करून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात बसवायची मुभा दिली. म्हणजे गुंठेवारी म्हटलं की लगेच फसवणूक असं नाही, चांगली घरं आहेत. पण प्रश्न एकच विचारायचा: नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आहे का? "फाईल टाकलीय" हे उत्तर म्हणजे नाही. प्रमाणपत्र, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, बांधकाम परवाना, घरपट्टीची पावती, हे सगळं वकिलाला दाखवा आणि बँकेला आधी विचारा, कर्ज द्यायला बँक कां कू करत असली तर तेच तुमचं उत्तर. रस्ता किती फुटी आहे ते टेपनं मोजा, नकाशात तीस आणि प्रत्यक्षात दोन रिक्षा समोरासमोर आल्या की संपलं.

भाड्यानं राहायला याचा फारसा फरक पडत नाही. पण "पुढे विकत देतो" याच्या लोभानं आत्ता घर निवडू नका.

पाटीदप्तर
मी विश्रामबागला प्राथमिकला शिकवते, शाळेपुरतं बोलते. एक्झॅक्ट कुठली शाळा ते तुम्ही जाऊन बघून ठरवा, पण आधी माध्यम ठरवा, कारण त्यावर भाग ठरतो. मराठी माध्यम असेल तर गावभाग-विश्रामबाग दोन्हीकडं चांगल्या आणि जुन्या शाळा आहेत. सीबीएसई पाहिजे तर बऱ्याच शाळा गावाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे व्हॅन आलीच, तुम्हाला ती नकोय. पहिलीचे प्रवेश उन्हाळ्यात जवळपास भरलेले असतात, त्यामुळे घराआधी शाळेत फोन करा, जागा मिळाली की तिच्या आसपास घर शोधा. लोक उलटं करतात आणि मग सकाळी सहाला पोराला उठवतात.

नेमिनाथनगरचा फ्लॅट बरा वाटतोय. तिथं मोठं मैदान आहे, संध्याकाळी पोरं, चालणारे आजी-आजोबा सगळे असतात. फक्त मैदानावर कधी कधी कार्यक्रम, प्रदर्शनं लागतात, तेव्हा स्पीकर आणि गाड्या. धाकट्याची झोप जाईल, एवढी तयारी ठेवा. विलिंग्डन कॉलेजची बाजू पण चालायला छान, झाडं आहेत.

स्टेशनरोड
मी आधीच म्हणलतं विश्रामबाग.

कुपवाडचा_कामगार
एमआयडीसीत कामाला आहे म्हणून सांगतो. साहेबांची शिफ्ट असेल तर वारणालीची बाजू पण बघा, कुपवाडच्या अंगाला आहे, कंपनी जवळ पडते आणि भाडं विश्रामबागच्या मेन रोडपेक्षा कमी. खुद्द कुपवाडला घर बघायचं तर ड्रेनेज कुठं जोडलंय ते विचारा, खूप ठिकाणी अजून सेफ्टी टँकवर चाललंय, आणि नळाला पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं ते शेजारणीला विचारा, मालकाला नको. नेमिनाथनगरवरनं यायचं तर रूळ ओलांडायला लागतो, सकाळी कंपनी सुटा-भरायच्या टायमाला एकदा गाडी घेऊन या म्हणजे कळंल. एसटीची सिटी बस आहे, सांगली-मिरज रोडला वडाप (सीटवर चालणाऱ्या खासगी गाड्या) तर कायम मिळतं, पण रात्रीच्या शिफ्टला स्वतःची गाडी लागतीच.

लाईट बऱ्यापैकी. वळवाच्या वाऱ्यात फांद्या पडल्या की जाते, घरून काम म्हणताय तर इन्व्हर्टर घेऊनच या.

वाकडहून_सांगली
शाळेत फोन केला, एका ठिकाणी पहिलीत जागा आहे म्हणाले, सोमवारी कागदपत्रं घेऊन बोलावलंय. अंगणवालं घर सोडलं, जड मनानं. नेमिनाथनगरचा बघायला येतोय, वारणालीत पण एखादा असेल तर एजंटला सांगितलंय. किराणावाल्याला फुटांचं विचारणार आहेच. डिपॉझिट किती असतं तिकडे साधारण? हा माणूस सहा महिन्यांचं मागतोय.

प्लॉटवाला_नाही
सहा जास्त झालं, दोन-तीनवर आणा. करार 11 महिन्यांचा, नोंदणी करून घ्या, आणि पूर किंवा पाणी साठून घर सोडायला लागलं तर नोटीस न देता डिपॉझिट परत मिळेल असं एक वाक्य त्यात घाला. मालकाचं घर खरंच उंचावर असेल तर तो हसत सही करतो.

आज्जीची_पोतडी
सोमवारी आलीस की सासूबाईंना घेऊन ये. गणपती मंदिरात दर्शन होईल आणि आपल्याकडं चहा. जिना नाही चढायला लागणार, मी खाली ओट्यावरच असते. आणि भडंग नेल्याशिवाय जाऊ नका.