बीटची पावडर आणि उंदरांच्या पायातील रक्तप्रवाह: चाचणीची रचना योग्य आहे का?

प्रश्न : एम. फार्म. विद्यार्थिनी
नमस्कार. माझा प्रबंध बीटच्या वाळवलेल्या रसाच्या पावडरीवर आहे. बीटमधील नायट्रेटचे जिभेवरील जीवाणू नायट्राइट करतात आणि पुढे शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनून रक्तवाहिन्या सैलावतात, हा त्यामागचा आधार आहे. सी५७बीएल/६ जातीच्या उंदरांची एका पायाची मांडीतील धमनी बांधून त्याच दिवसापासून पावडर तोंडावाटे द्यावी आणि चार आठवडे लेझर डॉप्लरने (प्रकाशकिरणाने त्वचेतील रक्तप्रवाह मोजणाऱ्या यंत्राने) दोन्ही पायांची तुलना करावी, असे ठरले आहे. नियंत्रण गटाला फक्त पाणी मिळेल. यात काही उणीव राहते आहे का?

उत्तर १ : औषधशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक
सर्वांत मोठी अडचण उंदरांच्या जातीची आहे. सी५७बीएल/६ उंदीर काहीही न देता तीन-चार आठवड्यांत पर्यायी वाहिन्यांच्या आधारे बराचसा रक्तप्रवाह परत मिळवतात, त्यामुळे पावडर निरुपयोगी असली तरी चौथ्या आठवड्याचा आलेख चढताच दिसेल. बाल्ब/सी जातीत ही भरपाई फार मंद होते आणि काहींची बोटे काळी पडतात, म्हणून फरक दिसण्याची शक्यता तिथे अधिक असते. माणसाच्या पायातील धमनी वर्षानुवर्षे हळूहळू अरुंद होते, आपण मात्र ती एका क्षणात बांधतो. त्यामुळे निष्कर्ष लिहिताना शब्द जपून वापरावेत.

नियंत्रण गटाला नुसते पाणी देऊ नका. रेझिनने नायट्रेट काढून टाकलेला बीटचाच रस द्या, म्हणजे जो फरक उरेल तो नायट्रेटचा म्हणता येईल. रोजच्या खाद्यात आणि पिण्याच्या पाण्यातही नायट्रेट असते, तेही मोजून घ्या. मोजणीच्या वेळी उंदराचे शरीर ३७ अंश सेल्सिअसवर ठेवा, कारण पंजा गार पडला की त्वचेतील रक्तप्रवाह घटतो आणि आकडा खाली येतो. आयसोफ्लुरेन हे भुलीचे औषध स्वतःच वाहिन्या रुंदावते, म्हणून भुलेची खोली प्रत्येक वेळी सारखीच हवी. मोजणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे ठाऊक असता कामा नये.

उत्तर २ : पशुवैद्य
१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरी आधी घ्यावी लागते, हे आपल्याला माहीत असेलच. वेदनाशामकाचा तपशील मात्र प्रस्तावात स्पष्ट लिहा. पंजा काळवंडला तर कोणत्या टप्प्यावर प्राण्याला वेदनारहित मरण द्यायचे, हेही आधीच ठरवा. ते ऐनवेळी ठरवणे म्हणजे त्या मुक्या जिवावर अन्याय आहे.

विद्यार्थिनी
मनःपूर्वक आभार. मात्रा किती ठेवावी? आणि तुलनेसाठी सिलोस्टाझोल चालेल का?

उत्तर ३ : औषधशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक
चालेल. चालताना पोटऱ्या दुखण्याच्या विकारावर त्याला अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळाली आणि उंदरांतही ते वापरले जाते. मात्रा ठरवताना ती माणसाला किती होईल हे पाहण्यासाठी उंदराच्या प्रतिकिलो मात्रेला १२.३ ने भागा. १,००० मिलिग्रॅम प्रतिकिलो दिल्यास माणसाला सुमारे ८१ मिलिग्रॅम प्रतिकिलो, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला दिवसाला जवळपास ५ ग्रॅम पावडर होते, आणि एवढी खाणे शक्य आहे. याच्या दहापट मात्रेवर मिळालेला परिणाम रुग्णाच्या कामाचा नाही. पावडरीच्या प्रत्येक घाण्यातले नायट्रेट प्रयोगाआधी तपासून घ्या, कारण जमीन, खत आणि काढणीच्या वेळेनुसार ते पुष्कळ बदलते.