एजन्सी लायसन्सचं रिन्यूअल: क्लायंटकडून कसं वसूल करायचं?

वेबकारागीर
छोट्या दुकानदारांच्या, क्लासेसच्या 15 वर्डप्रेस साइट्स देखभालीला आहेत. पेज बिल्डरचं (पानांची मांडणी करायच्या प्लगइनचं) एकच एजन्सी लायसन्स सगळीकडे लावलंय. पहिल्या वर्षाची सवलत संपली, आता पूर्ण दर. क्लायंट म्हणतात, "साइटचे पैसे दिले की, आता हे कसले?" लायसन्स त्यांच्या नावावर घ्यावं की एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) धरावं? आणि कार्डावरून ऑटो-रिन्यूअल फेल का होतंय?

पुणेरी_पीएचपी
आधी खरा खर्च काढा. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. समजा लायसन्स 199 डॉलर आणि डॉलर 90 रुपये. 17,910 भागिले 15, म्हणजे साइटमागे 1,194, असं धरून कोटेशन जातं. पण जीएसटी नोंदणी नसेल तर विक्रेता 18 टक्के लावतो, रक्कम 21,134 होते. त्यावर कार्डाचा परकीय चलनाचा मार्कअप (बँकेचा जादा आकार), 3.5 टक्के धरा, 740. त्या मार्कअपवर पुन्हा जीएसटी, 133. एकूण 22,007, साइटमागे 1,467. त्यात चार क्लायंटनी एएमसी सोडली तर उरलेल्या अकरांवर 2,000 येतात. म्हणून 15 ने भागूच नका, पैसे नक्की देणाऱ्यांच्या संख्येने भागा.

नावाचं म्हणाल तर माझा नियम सरळ आहे. ज्याच्याशिवाय साइट उघडणार नाही किंवा तिच्यावर पैसे घेता येणार नाहीत ते क्लायंटच्या नावावर, त्याच्याच ईमेलवर: डोमेन, होस्टिंग, पेमेंट गेटवेचं एक्स्टेन्शन. बॅकअप, फॉर्म, बिल्डर यांसारखी आपल्या सोयीची हत्यारं आपल्या लायसन्सवर, एएमसीत. कोटेशनमध्ये एक ओळ हवीच: "एएमसी संपल्यावर एजन्सीची लायसन्स-की (लायसन्सचा कोड) काढली जाईल, अपडेट हवे असल्यास स्वतःचं लायसन्स घ्यावं." की बदलली तरी डिझाइन आणि सेटिंग डेटाबेसमध्येच राहतात, हेही त्यांना सांगा. नाहीतर "साइट ओलीस धरली" म्हणून बोभाटा होतो.

जमाखर्च
ऑटो-रिन्यूअलचं कारण: 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरच्या आवर्ती पेमेंटला ई-मॅन्डेट (आगाऊ नोंदवलेली संमती) लागतं. परदेशी विक्रेत्याच्या गेटवेने ते नोंदवलेलं नसेल तर बँक व्यवहार नाकारते. मुदतीच्या 20 दिवस आधीचं रिमाइंडर लावा आणि ओटीपी टाकून हाताने भरा. काही विक्रेते रिन्यूअलची सवलत मुदतीच्या आतच देतात, एक दिवस चुकला की पूर्ण दर.

जीएसटी नोंदणी असेल तर विक्रेत्याच्या खात्यात जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) भरा म्हणजे तो कर लावणार नाही. पण मग रिव्हर्स चार्जने 18 टक्के तुम्ही भरायचे: सेल्फ-इनव्हॉइस बनवा, जीएसटीआर-3बी विवरणपत्रात 3.1(डी) ला दाखवा, क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) 4(ए)(2) ला घ्या. हा कर कॅश लेजरमधूनच, म्हणजे रोखीनेच जातो, साठलेल्या क्रेडिटमधून वळता होत नाही. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्यांना क्रेडिट नाही, त्यांच्यासाठी तो निव्वळ खर्च.

रूट_अ‍ॅक्सेस
कोणीतरी "विकतचं प्लगइन जीपीएल साइटवरून 300 रुपयांत घ्या" सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. वर्डप्रेस जीपीएल (कोणीही वापरावं, बदलावं, वाटावं असं मुक्त लायसन्स) आहे, त्यामुळे तसं लायसन्स असलेल्या प्लगइनची प्रत वाटणं बेकायदा नाही. पण तुम्ही पैसे भरता ते अपडेट आणि सपोर्टसाठी. की नसेल तर डॅशबोर्डवर नवी आवृत्ती दिसते, बटण दाबलं की पॅकेज उपलब्ध नसल्याचा एरर येतो, कारण डाउनलोडची लिंक विक्रेत्याचा सर्व्हर की तपासूनच देतो. काही प्लगइन तर काहीच दाखवत नाहीत. सगळं हिरवं दिसतं आणि आत दोन वर्षांपूर्वीचा कोड चालू असतो. नल्ड (लायसन्सची तपासणी काढून टाकलेल्या) झिपमध्ये बॅकडोअर (चोरदरवाजा) घातलेलं असू शकतं, ते वेगळंच.

थीमबरोबर फुकट आलेल्या प्लगइनचीही हीच गत. 2014 मध्ये स्लायडर रिव्होल्यूशन या फिरत्या चित्रांच्या प्लगइनमधलं सुरक्षेचं भोक जाहीर झालं तेव्हा मूळ कंपनीची दुरुस्ती आधीच आलेली होती. पण ज्यांच्याकडे तो थीममधून आला होता त्यांच्याकडे स्वतंत्र की नव्हती, थीमवाला अपडेट देईपर्यंत थांबावं लागलं. डिसेंबरात त्याच भोकातून सोकसोक मालवेअर एक लाखाहून जास्त साइट्सवर पसरलं. थीम घेताना आत काय भरलंय ते बघाच.

आणखी एक: स्टेजिंग साइटही (चाचणीची प्रत) लायसन्समधलं एक अ‍ॅक्टिव्हेशन, म्हणजे एका साइटची जागा, अडवते. डोमेन बदलण्याआधी जुन्या साइटवर की डीअ‍ॅक्टिव्हेट करा, नाहीतर ती जागा विक्रेत्याच्या खात्यात जाऊन हाताने सोडवावी लागते.

पुणेरी_पीएचपी
सर्व्हरचं राहिलं. सीपॅनेलने (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) 2019 मध्ये सर्व्हरमागचा ठरावीक दर सोडून अकाउंटच्या संख्येवर दर लावला. तेव्हापासून बरेच जण पैसे वाचवायला दहा क्लायंट एकाच अकाउंटमध्ये अ‍ॅडऑन डोमेन म्हणून कोंबतात. ते करू नका. सगळ्या फाइल्स एकाच लिनक्स यूझरच्या, त्यामुळे एका साइटमध्ये मालवेअर शिरलं की दहाही बाधित. एक क्लायंट निघाला तर त्याचा बॅकअपही सुटा निघत नाही. त्यापेक्षा डायरेक्टअ‍ॅडमिन किंवा हेस्टिया ही दुसरी पॅनेलं बघा, हेस्टिया मोफत आहे.

वेबकारागीर
की काढून टाकण्याची ओळ आजच कोटेशनमध्ये घालतो. एका क्लायंटला पत्रिकेतला मराठी फॉन्ट साइटवर हवाय, डीटीपीवाल्याकडे विकतचा आहे म्हणतो. चालेल?

रूट_अ‍ॅक्सेस
फाइल आहे म्हणून वेबचा हक्क आहे असं नाही. डेस्कटॉप आणि वेब ही सहसा वेगळी लायसन्सं असतात, वेबचं पुष्कळदा पेजव्ह्यूवर. शिवाय डीटीपीचा जुना फॉन्ट युनिकोड नसेल तर कॉपी केलेल्या मजकुराची अगम्य अक्षरं होतात आणि गूगललाही तो वाचता येत नाही. मुक्त (Mukta) किंवा बलू 2 (Baloo 2) हा फॉन्ट लावा. दोन्ही 'एक टाइप' (Ek Type) या फॉन्ट बनवणाऱ्यांचे, ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत, त्यामुळे फी नाही. फॉन्टची वॉफ2 (वेबसाठीचा फॉरमॅट) फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा, फक्त देवनागरी आणि लॅटिन सबसेट (तेवढ्याच लिप्यांची अक्षरं) घ्या, आणि मागून जोडाक्षरं तपासा: "र्‍ह", "क्ष", "ज्ञ".