हेक्झेनऐवजी हेप्टेन वापरावे का?

प्रश्न : कॉलम क्रोमॅटोग्राफीत (भरलेल्या नळीतून द्रावक सोडून मिश्रणातले घटक वेगळे करण्याच्या पद्धतीत) हेक्झेन या द्रावकाऐवजी हेप्टेन वापरण्याचा आग्रह का धरला जातो?

उत्तर १ : एन-हेक्झेनपासून (हेक्झेनच्या सरळ साखळीच्या प्रकारापासून) शरीरात २,५-हेक्झेनडायोन हे विषारी संयुग तयार होते आणि हेक्झेनची वाफ दीर्घकाळ श्वासावाटे जात राहिल्यास हातापायांच्या नसांना इजा होऊन बोटांपासून बधिरपणा सुरू होतो. ध्रुवीयता जवळपास सारखीच असल्याने हेप्टेन सहसा चालते. मात्र हेक्झेन ६९ अंश सेल्सिअसला उकळते आणि हेप्टेन ९८ अंशांना, त्यामुळे ते उडवायला वेळ अधिक लागतो. माझ्या मते तो वेळ द्यावाच.

उत्तर २ : आगीचा धोका मात्र टळत नाही, कारण दोन्हींचा फ्लॅश पॉइंट (ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान) शून्य अंश सेल्सिअसखाली आहे. हवेपेक्षा जड वाफ टेबलावरून सरकत दूरच्या हॉटप्लेटपर्यंत पोहोचते. धातूच्या डब्यातून ओतताना स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून दोन्ही भांडी तारेने जोडून अर्थिंग करावे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. हातमोजे कोणते वापरावेत?

उत्तर १ : नायट्राइलचे, लॅटेक्सचे नकोत.