घरच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमला मिक्सर खरंच लागतो का?

लयवेडा
घरी इलेक्ट्रॉनिक ड्रम आला की पहिला सल्ला मिळतो तो 'एक मिक्सर घे, एक अ‍ॅम्प घे' असा. मिक्सर म्हणजे अनेक आवाज एकत्र करणारी पेटी, अ‍ॅम्प म्हणजे आवाज मोठा करून ऐकवणारा संच. माझं स्पष्ट मत आहे की एकट्याने वाजवणाऱ्याला मिक्सर लागत नाही. किक, स्नेअर, टॉम, सिंबल यांचं आपसातलं प्रमाण मॉड्यूलच्या, म्हणजे ड्रमचे आवाज तयार करणाऱ्या डब्याच्या, आतच ठरतं. बाहेर येतो तो तयार स्टिरिओ आवाज, डावा आणि उजवा असे दोन जॅक. फोनवरच्या गाण्यासाठी बहुतेक मॉड्यूलना वेगळा इनपुट असतो आणि मेट्रोनोम तर आतच असतो. मग मिसळायचं राहिलं काय?

ते पैसे स्पीकरमध्ये घाला. मात्र घरात पडून असलेला गिटारचा अ‍ॅम्प वापरू नका. त्याचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वर झपाट्याने मंदावतो आणि सिंबलची झळाळी तर त्याच्याही वर असते. खाली किकचा गाभा ५० ते ८० हर्ट्झच्या आसपास, तिथेही छोटा गिटार अ‍ॅम्प तोकडा पडतो. १० किंवा १२ इंची वूफर (खालच्या आवाजांसाठी), वर हॉर्न (वरच्या आवाजांसाठी) आणि आतच अ‍ॅम्प असलेला पॉवर्ड स्पीकर घ्या. मॉड्यूल थेट त्याच्या लाइन इनपुटला जोडा, माइक इनपुटला नाही. माइक इनपुट फार क्षीण सिग्नलसाठी असतो, तिथे मॉड्यूलचा आवाज लगेच फाटतो.

चॅनल_सहा
गिटार अ‍ॅम्पबद्दल शंभर टक्के सहमत, मिक्सरबद्दल अजिबात नाही. तुमचं सगळं गणित माणूस कायम एकटाच वाजवणार यावर उभं आहे. घरी ड्रम आहे म्हटल्यावर कीबोर्डवाला मित्र येतोच, कुणाला तरी गायचंही असतं. तेव्हा माइकला त्याचा क्षीण सिग्नल वाढवणारा प्रीअ‍ॅम्प लागणार आणि कीबोर्डला दोन चॅनल. शिवाय काही साध्या मॉड्यूलमध्ये हेडफोन आणि स्पीकरला एकच नॉब असतो. हेडफोनची पातळी वेगळी ठेवणारा मिक्सर असला की मेन फेडर (स्पीकरच्या आवाजाची सरकपट्टी) खाली ओढून हेडफोनचा आवाज हवा तेवढा ठेवता येतो. रोज रियाज करणाऱ्याला ही सोय फार मोलाची आहे.

आणि रेकॉर्डिंग? यूएसबी मिक्सर घेतला की आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा वेगळा इंटरफेस नको.

लयवेडा
@चॅनल_सहा, रेकॉर्डिंगचा मुद्दा उलट माझ्या बाजूचा आहे. बऱ्याच छोट्या यूएसबी मिक्सरमधून कॉम्प्युटरकडे दोनच ट्रॅक जातात, तेही सगळं मिसळून झाल्यावर. स्नेअर नंतर वेगळा उचलता येत नाही. मॉड्यूलची स्वतःची यूएसबी केबल लावा आणि मिडी रेकॉर्ड करा, म्हणजे आवाज नव्हे तर ठोक्यांची नोंद. प्रत्येक ठोका, त्याचा जोर, सगळं सुटं मिळतं आणि स्नेअरचा आवाज महिन्याभराने बदलायचा ठरवलं तरी बदलता येतो.

मंद_सप्तक
तुम्ही दोघंही फार मोठं सामान सुचवताय. बेडरूममध्ये १० इंची स्पीकरचा छोटा ड्रम अ‍ॅम्प पुरतो. शेकडो वॅटचा स्पीकर घेऊन तो कायम एकवर ठेवण्यात काय अर्थ आहे? वॅट दुप्पट झाले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट.

लयवेडा
@मंद_सप्तक, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष पटला नाही. ड्रमच्या ठोक्याचं शिखर त्याच्या सरासरी पातळीच्या कितीतरी वर जातं. जास्तीचे वॅट त्या क्षणासाठी राखून ठेवायचे असतात. छोटा अ‍ॅम्प तिथे क्लिप होतो, म्हणजे त्याची ताकद संपून आवाज फाटतो, आणि किक 'धप्प' ऐवजी 'फट्' वाजते. वाजवणाऱ्याला वाटतं आपला पायच कमी पडतोय, म्हणून तो आणखी जोरात मारतो. नव्या माणसाचा हात बिघडतो तो असा.

खालचा_मजला
अ‍ॅम्पआधी जमिनीचा विचार करा ही कळकळीची विनंती. हेडफोन लावले तरी किक पेडलचा दणका फरशीतून खाली जातो. त्याला मिक्सर थांबवत नाही आणि अ‍ॅम्पही नाही. जाड रबर किंवा फोमवर टेकवलेला प्लॅटफॉर्म आधी करा, स्पीकर नंतर घ्या. कानही जपा. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या ठिकाणची रूढ मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलमागे वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला फक्त एक तास. हेडफोनलाही हेच लागू.

चॅनल_सहा
@खालचा_मजला, प्लॅटफॉर्म आधी, मान्य.
@लयवेडा, मिडीचं पटलं. पण चौघं जमल्यावर मिडी कामाला येत नाही, मिक्सर येतो. मी तो सुचवतच राहणार. फक्त क्रम तुमचा घेतो: स्पीकर पहिला.

लयवेडा
मग स्पीकर घेतानाच मागचं पॅनल बघून घ्या. बऱ्याच पॉवर्ड स्पीकरना दोन इनपुट आणि दोन वेगळे लेव्हल नॉब असतात. ड्रम आणि एक माइक त्यावरच भागतं, मिक्सरचा निर्णय पुढे ढकलता येतो. आणि सुरुवातीला एकच स्पीकर घेणार असाल तर केबल 'एल/मोनो' लिहिलेल्या जॅकलाच लावा. उजवा जॅक रिकामा असला की मॉड्यूल दोन्ही बाजू एकत्र करून तिथून पाठवतं. केबल चुकून उजव्या जॅकला लावली तर डावीकडे ठेवलेलं हायहॅट अगदी पुसट ऐकू येतं आणि माणूस पॅडमध्ये दोष शोधत बसतो.