लोकलमध्ये पुस्तकाला पेपरचं कव्हर घालणं: लाज की खासगी बाब?

आसनगाव लोकल
आमची गाडी आसनगावलाच सुटते, त्यामुळे खिडकी मिळते आणि सीएसएमटीपर्यंत निवांत वाचन होतं. सध्या वडिलांच्या ट्रंकेत सापडलेल्या बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा चालू आहेत. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू, सगळे भेटले परत. मुखपृष्ठावर पिस्तूल रोखलेला माणूस आणि किंचाळणारी बाई, म्हणून वर आदल्या दिवशीच्या पेपरचा कागद चढवतो. परवा ग्रुपमधल्या एकाने तो सगळ्यांदेखत सोलला. "बघू तरी, साहेब काय अभ्यास करतात!" माझ्या हाताखालची दोन मुलं त्याच डब्यात होती. हसून हसून पुरेवाट झाली त्यांची.
बायकोचं म्हणणं, एवढी लाज वाटते तर वाचता कशाला? माझं म्हणणं, काय वाचायचं ते मी ठरवतो, तसं कुणाला दाखवायचं तेही मीच ठरवणार. तुम्ही काय करता?

उघडं पान
वहिनींना पाठिंबा. खरं सांगा, हातात एखादं जाडजूड इंग्रजी चरित्र असतं तर चढवला असता कागद? त्या माणसाने हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. आपल्या आईवडिलांच्या पिढीला वाचायचा नाद लावला त्यांनी, आणि आपण अजून त्यांना पेपरात गुंडाळतोय, बोंबील असल्यासारखे.

आसनगाव लोकल
चरित्र असतं तर नसता चढवला. बोंबील मात्र लागलं.

लेडीज डबा
पनवेल गाडीतला अनुभव सांगते. रजोनिवृत्तीवरचं पुस्तक घेतलं होतं, नाव भल्यामोठ्या गुलाबी अक्षरांत. वाशीला चढलेल्या बाईंनी वाचलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, एवढ्यात? वाटत नाही हो तुमच्याकडे बघून!" मग अख्खं बाकडं सुरू. कुणी जवस सांगतंय, कुणी शतावरी, एकीने जावेच्या ऑपरेशनची तारीखवार हकिकत सांगितली. सगळ्या मायेनेच बोलत होत्या, पण कुर्ला येईपर्यंत माझं एक पान झालं नाही. मला लाज नव्हती वाटत, मला गप्प बसायचं होतं. दुसऱ्या दिवशी घातलं कव्हर.

उघडं पान
ताई, तुमचा मुद्दा वेगळा आहे. तब्येतीची गोष्ट लपवणं निराळं, आवड लपवणं निराळं.

लेडीज डबा
बघणाऱ्याला कुठे कळतं काय निराळं ते? आणि कुठलं पुस्तक झाकायला परवानगी आहे, हे कोण ठरवणार, तुम्ही?

तोक्योकर
इथे जपानमध्ये हा वादच होत नाही. दुकानात पुस्तक घेतलं की गल्ल्यावर बहुतेक ठिकाणी विचारतातच, कव्हर घालू का? दुकानाचं नाव छापलेला कागद दोन घड्यांत चढवून देतात. गाडीत शेजारचा तत्त्वज्ञान वाचतोय की चावट कादंबरी, पत्ता लागत नाही. आणि झाकतोय म्हणून संशयही नाही, कारण झाकणारे पुष्कळ. तुमच्या डब्यात तुम्ही एकटेच कागदवाले, म्हणून तो सोलावासा वाटला.

रंगपेटी
मी मुखपृष्ठांची कामं करते, तेव्हा माझं मत एकतर्फी समजा. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं लोक आजही जपून ठेवतात. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात नवं पुस्तक आलं की मूळ कव्हर फाडून पुठ्ठा-रेक्झिनची बांधणी करायचे, पाठीवर फक्त नंबर. पुस्तक टिकायचं, चित्र मात्र रद्दीत. त्यामुळे कागद बघितला की जीव तुटतो. पिस्तूलवाल्यानेही कुणाच्या तरी टेबलावर रात्र काढली असेल.

उघडं पान
मुळात प्रकाशकच ही लाज विकतात. हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक 1997 चं. पुढच्याच वर्षी ब्लूम्सबरीने मोठ्यांसाठी वेगळी आवृत्ती काढली. आत अक्षरही बदललं नव्हतं, बाहेर फक्त मुलांच्या चित्राऐवजी आगगाडीचा कृष्णधवल फोटो. कोटवाल्या साहेबांना ऑफिसला जाताना वाचता यावं म्हणून!

रंगपेटी
हे तर आसनगावकरांच्याच बाजूचं झालं. तिकडे कागद प्रकाशकाने चढवला, इकडे त्यांनी स्वतः.

फुकटचा विद्वान
कबुली देतो. कॉलेजात असताना वर्षभर एक जाड रशियन कादंबरी काखेत मिरवली, नाव बाहेर दिसेल अशी. बाविसाव्या पानापुढे गेलो नाही. झाकणारा निदान वाचतो तरी.

पावणेदोन
मोबाईलवर वाचा की राव. संपला विषय.

लेडीज डबा
पाच मिनिटांत भिशीचा ग्रुप वाजायला लागतो त्यावर.

जुना कप्पा
आमचे आजोबा 'आवाज'चा दिवाळी अंक गादीखाली ठेवायचे. त्यातली खिडकीचित्रं आठवत असतील. वरून बघावं तर काहीतरी भलतंच चाललंय, खिडकी उघडली की आत साधा भोपळा चिरत बसलेला माणूस किंवा तसलंच काही. आम्ही नातवंडं वरचं तेवढं बघून पळायचो. आजोबांना आयुष्यभर वाटत राहिलं, पोरं बिघडली.

उघडं पान
म्हणूनच म्हणतो, गादीखाली ठेवलं की साधा भोपळाही चावट होतो. कागद काढा.

आसनगाव लोकल
काढला. सोमवारपासून पिस्तूल, बाई, सगळं उघडं नेतोय. आज चौथा दिवस. कुणी ढुंकूनही बघितलं नाही. कागद सोलणारा कानात बोंडं घालून क्रिकेट बघत होता, ऑफिसची मुलं रील्समध्ये. कल्याणला तर मीच पुस्तक जरा वर धरलं. उपयोग शून्य.

लेडीज डबा
मग तो कागद इकडे पाठवा. माझी तीन प्रकरणं राहिलीत.