'फाईन-ट्यून'ला मराठीत काय लिहू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
शाळेतल्या मुलांसाठी सूक्ष्मदर्शकाच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करतेय आणि दोन दिवस एकाच क्रियापदावर अडले आहे. वाक्य असं : मोठं चाक फिरवून प्रतिमा दिसू लागेपर्यंत आणा, मग छोट्या चाकाने 'फाईन-ट्यून' करा.

'जुळवा' लिहावं तर मोठं चाकही जुळवतंच. 'समायोजन करा' वाचून मुलांचा हात चाकाकडे जाणार नाही. 'सुधारा' तर चूकच, बिघडलेलं काही नसतंच. आणि फरक कळायलाच हवा. जास्त वर्धनाचं भिंग लावलेलं असताना मोठं चाक फिरवलं, तर भिंग काचपट्टीवर आपटून तडा जाऊ शकतो.

मला समजलेला अर्थ असा. अ‍ॅडजस्ट म्हणजे कुठलाही कमी-जास्त बदल. ट्वीक म्हणजे बोलीतला किरकोळ फेरफार. कॅलिब्रेटला बाहेरचं प्रमाण लागतं, जसा वजनकाटा प्रमाणित वजनाशी ताडून पाहतात. फाईन-ट्यूनमध्ये काम बहुतेक झालेलं असतं, शेवटची कसर काढायची असते. 'फाईन' म्हणजे इथे छान नव्हे, बारीक. बरोबर आहे ना?

प्रतिसाद : अर्थ अचूक पकडलात. तंबोरा लावताना बघा. खुंटी पिळून तार सुराजवळ आणतात, मग घोडीखालचा (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीखालचा) तारेतला मणी केसभर सरकवतात. खुंटी म्हणजे ट्यून, मणी म्हणजे फाईन-ट्यून. ('ट्यून'च्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ताण, आणि आपले ताण व तान त्याच धातुकुळातले. मला हे फार आवडतं.)

'बारकाईने जुळवा' मात्र लिहू नका. त्यातून काळजी घ्या एवढंच कळतं, किती फिरवायचं ते कळत नाही. मी लिहीन : 'छोटं चाक अगदी थोडं-थोडं फिरवत प्रतिमा स्पष्ट करून घ्या.' लेख किंवा आराखडा असेल तर 'शेवटचा हात फिरवणे' चपखल बसतं. तयार एआय मॉडेलला एखाद्या ठरावीक कामासाठी थोड्या माहितीवर पुन्हा शिकवतात, तिथे फाईन-ट्यूनच राहू द्या, त्या कामातली माणसं तेच म्हणतात.

धागाकर्ती : मनापासून आभार, वाक्य तसंच घेते. पण आकृतीत प्रत्येक चाकाशेजारी दोनच शब्द मावतात. मोठ्याला 'ढोबळ जुळवणी' आणि छोट्याला 'बारीक जुळवणी' चालेल का? शाळेत शिकवणाऱ्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.