गावचा पोहण्याचा तलाव: सोलर आधी की पायऱ्या आधी?

पाणकोंबडी:
गावच्या सार्वजनिक तलावाची मी चिटणीस, बिनपगारी. तलाव २५ बाय १० मीटर, सरासरी खोली १.४, म्हणजे साडेतीन लाख लिटर पाणी. यंदा थोडे पैसे हाताशी आलेत आणि समितीत बहुतेकांना छतावर सोलर पॅनेल हवंय (उद्घाटनाचा फोटो छान येतो). माझं मन घेत नाही. रोज सकाळी पाणी निळ्या फरशीच्या पट्टीखाली बोटभर उतरलेलं असतं आणि मी पाइप लावून भरत बसते. सगळे म्हणतात, ‘उन्हानं उडतं.’
दुसरं असं, की आत उतरायला फक्त उभी स्टीलची शिडी आहे. गुडघे गेलेली एक काकू येते, काठावर बसून पाय पाण्यात सोडते, अर्ध्या तासानं पाय पुसून घरी जाते. तीन उन्हाळे हेच चाललंय. सुरुवात कुठून करू?

पंपमामा:
बादलीपासून. तळाशी दगड ठेवून बादली भरा आणि शिडीला अशी बांधा, की आतलं पाणी आणि तलावाचं पाणी एका पातळीत येईल. दोन्हीकडे खूण करा, भरणी बंद ठेवा, २४ तासांनी बघा. बादलीतून गेलं ते ऊन-वाऱ्याचं. तलाव त्याहून जास्त उतरला तर गळती. एकदा पंप बंद ठेवून मोजा, एकदा चालू ठेवून. चालू असताना फरक वाढला तर आधी परतीच्या पाइपावर (पंप पाणी तलावात परत सोडतो तो) संशय घ्या. गळती शोधायला तलाव रिकामा मात्र करू नका. जमिनीतलं पाणी वर असलं तर रिकामी टाकी होडीसारखी उचलली जाते.
मग रात्रीचं आच्छादन. एक लिटर पाणी उडताना साधारण पाऊण युनिटाच्या आसपास उष्णता घेऊन जातं. फक्त अर्धवट गुंडाळलेल्या आच्छादनाशेजारी कुणाला पोहू देऊ नका, खाली गेलेला माणूस दिसत नाही. पंपाचं गणित असं: वेग निम्मा केला तर पाणी निम्मं, वीज मात्र जवळपास आठवा हिस्सा. दुप्पट वेळ चालवा, तरी चौथाईत भागतं. हे सगळं झाल्यावर किती पॅनेल लागतील ते मोजा, आकडा खाली येईल.

चाकावरची:
काकूला रुंद, बुटक्या पायऱ्या हव्यात. दोन्ही बाजूंना कठडा, आणि प्रत्येक पायरीच्या कडेला गडद पट्टी. पाण्याखाली पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही.
माझी गोष्ट वेगळी. मला १ ला १२ उताराची वाट लागते आणि पाण्यात चालणारी दुसरी व्हीलचेअर. माझी बॅटरीची आहे. नाहीतर लिफ्ट. एका तलावात लिफ्ट होती हो! ताडपत्रीखाली. किल्लीवाला रजेवर. एरवीही मी तिथवर कशीबशीच पोहोचले, फाटकापासून सगळी खडी. तेव्हा एखादी व्हीलचेअर मागून आणा, स्वतः बसा आणि फाटकापासून पाण्यापर्यंत एकटीनं या. कपडे बदलायच्या खोलीत दार लावून वळून बघा, दीड मीटरचं वर्तुळ लागतं. काठाला ४०-४८ सेंमी उंचीचा कट्टा आणि धरायला दांडा केलात, तरी खुर्चीवरून कट्ट्यावर सरकून आत उतरता येतं. त्याला किल्ली लागत नाही.

तळ्याकाठचा:
पाण्याच्या पीएचकडे (आम्ल-अल्कलीचं माप) पण बघा. ७.५ ला जवळपास निम्मं क्लोरीन कामाचं असतं, ८ ला पावच्या आसपास. आणि ‘क्लोरीनचा’ म्हणतात तो वास बहुतेकदा घामामुताशी झालेल्या त्याच्या संयुगांचा असतो. आत जाण्याआधी आंघोळीची सक्ती करा.

पाणकोंबडी:
मोजलं.
पंप बंद: बादली ६ मिमी, तलाव ७.
पंप चालू: बादली ६, तलाव १७.
म्हणजे ११ मिमी फुकट, २५० चौरस मीटरवर. रोज पावणेतीन हजार लिटर! परवाची बैठक काठावरच घेतली, बादलीसमोर. सोलरवाले एकमेकांकडे बघत होते. पाइप आधी, मग पायऱ्या आणि फाटकापासूनची वाट. पॅनेल पुढच्या वर्षी. मागून आणलेल्या खुर्चीवर बसून मी खडीत तिसऱ्याच वाराला रुतले, तेही सगळ्यांनी पाहिलं.
पायरी किती उंच ठेवू, असं काकूला विचारलं. तिनं वीत पसरली, मग दोन बोटं कमी केली. मी पट्टी लावली: १६ सेंमी. गवंड्याला तोच आकडा दिलाय.